चौकोन पुसला तरी धडा शाबूत

घरात बालभारतीचं अलीकडचं एखादं पाठ्यपुस्तक असेल तर काढा. त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला सापडेल. त्यावर मोबाइल धरला की ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचं त्या पुस्तकाचं साहित्य समोर येतं. यात आता कुणाला नवल वाटत नाही. पनवेलच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही तसाच चौकोन दाखवून दिले जातात.

नवल पुढेच आहे. पुस्तक खराब होऊ नये म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढा. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन ठसठशीत डोळे आहेत, त्यांना हात लावू नका. मधल्या भागात कुठेतरी पेनाने शाईचा बारीक डाग पाडा आणि पुन्हा मोबाइल धरा. तेच पान उघडतं! डागाखालचे ठिपके गेले, कॅमेऱ्याला ते दिसणं शक्यच नाही. मग त्या ठिपक्यांत लिहिलेलं मोबाइलने वाचलं कुठून?

शेजारच्या ठिपक्यांकडून.

हे कसं घडतं ते पाचवीतल्या मुलालाही कळेल. मला तुम्हाला फक्त दोन आकडे कळवायचे आहेत, ३ आणि ५. मी दोनच पाठवले आणि वाटेत एक बिघडला तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणून मी आधी तुमच्याशी एक नियम ठरवतो: आकडे सारख्या अंतराने वाढत जाणार. मग त्याच नियमाने आणखी तीन जोडून पाठवतो. ३, ५, ७, ९, ११. समजा वाटेत गडबड झाली आणि तुमच्या हाती आलं ३, ५, ८, ९, ११. तुम्ही क्षणात म्हणाल, “हा ८ इथला नव्हे, इथे ७ हवा.” तुम्हाला कोणी सांगितलं? उरलेल्या चौघांनी.

या साध्या युक्तीचा पक्का गणिती अवतार आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघा अमेरिकी गणितज्ञांनी १९६० साली मांडला. ओरखडे पडलेल्या सीडीवरचं गाणं न अडखळता वाजायचं ते याच गणितामुळे. जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड बनवला, तेव्हा हेच गणित त्यात घातलं. कारखान्यात तेलकट हात लागणार, कागद मळणार हे त्यांना ठाऊकच होतं. कोड बनवतानाच किती नुकसान सोसायचं ते ठरवता येतं. सर्वांत कणखर प्रकारात तीस टक्क्यांच्या आसपास मजकूर बिघडला तरी बाकीचा तो भरून काढतो. कंपनीने पेटंट घेतलं, पण लोकांना कोड वापरायला मोकळीक दिली. म्हणून तो जपानच्या कारखान्यातून निघून आपल्या भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोचला.

आणि शाळेपर्यंतही. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग आपल्या वर्गात सुरू केला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी तो उचलला. डिसेंबर २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच क्षणी त्यांनी सांगितलं, की निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकणार. वेगवेगळ्या देशांतल्या नऊ वर्गांना त्यातून बळ मिळालं.

चौकोनाचं गणित आणि त्या शिक्षकाची कृती यांत मला एकच धागा दिसतो: एकाकडचं सगळ्यांत वाटून ठेवलं की ते हरवत नाही. शाळेतला वर्ग या धाग्यावर चालतो का? आपल्याकडे बहुधा नाही. आपला वर्ग अजूनही पाच वेगळ्या आकड्यांसारखा बसतो, ज्याचा तो. शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं तर ती कॉपी.

पूर्वी असं नव्हतं. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची रीत होती, आणि मोठी मुलं धाकट्यांना गिरवून द्यायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथालयाचा कारभार बघणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतली मुलं वाळूवर अक्षरं काढताना पाहिली. त्याने आपल्या शाळेत तसंच सुरू केलं आणि मुलांनाच मुलांचे शिक्षक केलं. १७९७ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. मग तीच रीत साहेबाच्या बोटीतून मुंबईत परत आली आणि आपण ती विलायती म्हणून शिकलो.

आता पनवेलचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. गावाची नगरपालिका १८५२ची, म्हणजे राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी, आणि महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ची, रायगड जिल्ह्यातली पहिली. गावात मुळात कोण होतं आणि या दोन सालांमध्ये कोण कोण आलं याचा पट वर्गाच्या हजेरीपटावर वाचता येतो. आगरी, कोळी आणि कराडी ही इथली मूळची घरं. कोकणी मुसलमानांची घरं. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतली ठाकूर आणि कातकरी मुलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागोमाग घाटावरून, उत्तरेतून आणि पंजाबातून आलेली कुटुंबं. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत देशभरातून नोकरीला आलेले. आता शेजारी विमानतळही झाला. एका बाकावर तीन मुलं बसली तर घरी बोलायच्या तीन भाषा निघू शकतात.

अशा वर्गात मुलं एकमेकांशी जमवून कशी घेतील? ‘मिळूनमिसळून राहा’ असं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ते होत नाही. हा प्रश्न याहून कठीण रूपात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात १९७१ साली उभा राहिला होता. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं होतं आणि मारामाऱ्या पेटल्या होत्या. शाळांनी एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने आपल्या विद्यार्थ्यांसह वर्गात बसून नुसतं बघितलं. दिसलं ते असं: शिक्षक प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर होतात, एकाला संधी मिळते आणि बाकीचे तो चुकायची वाट बघतात. ॲरन्सनच्या लक्षात आलं, की भांडणाचं मूळ नुसतं जातीवंशात नाही. धडा शिकवायची रीतच मुलांना एकमेकांविरुद्ध उभं करते आहे.

त्याने रीतच उलटी केली. तिला जिगसॉ म्हणतात, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पुरं करायचा खेळ. ती पनवेलमध्ये कशी चालेल ते बघू.

समजा, नवीन पनवेलच्या एखाद्या शाळेत सहावीचा धडा आहे, ‘आपलं पाणी’. वर्गाचे चार-चार मुलांचे गट करायचे. एका गटात आहे माथेरानच्या पायथ्याहून येऊन वसतिगृहात राहणारी ठाकूर मुलगी, कोळीवाड्यातला मुलगा, खारघरच्या बाराव्या मजल्यावर राहणारी मुलगी आणि कळंबोलीत ट्रेलर चालवणाऱ्याचा मुलगा, ज्याला मराठी अजून नीट बोलता येत नाही. प्रत्येकाला धड्याचा एकच तुकडा द्यायचा. एकीला गाढी नदी: ती माथेरानच्या डोंगराकडून कशी उतरते. दुसऱ्याला देहरंग धरण: पनवेल नगरपालिकेने त्याच नदीचं पाणी शहरासाठी कसं अडवलं, आणि वाढत्या गावाला ते पुरेना म्हणून पाताळगंगेचं आणि हेटवण्याचं पाणी का आणावं लागलं. तिसरीला पूर: २६ जुलै २००५ला हीच गाढी गावात कशी शिरली. चौथ्याला खाडी आणि तलाव: वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी कशासाठी, आणि नदी शेवटी मिळते कुठे.

मग गट मोडायचे. सगळ्या गटांतली ‘गाढी’वाली मुलं एका कोपऱ्यात, ‘धरण’वाली दुसऱ्या कोपऱ्यात. तिथे आपापला तुकडा एकमेकांना समजावून पक्का करायचा. ज्याला मराठी कमी येतं तो इथे आधी चाचपडतो, दुसऱ्याचं ऐकतो, पुन्हा सांगून बघतो. नंतर पहिल्या गटात परत येऊन प्रत्येकाने आपला तुकडा बाकीच्या तिघांना शिकवायचा. परीक्षा मात्र पुऱ्या धड्यावर, आणि प्रत्येकाची वेगळी.

आता गंमत बघा. खाडीबद्दल जे काही कळायचं ते गटात फक्त त्या ट्रेलरवाल्याच्या मुलाकडूनच कळणार. त्याच्या मराठीला हसलं तर नुकसान हसणाऱ्याचं. पुन्हा विचारलं, “म्हणजे भरतीचं पाणी उलटं नदीत येतं का?” तर त्यालाही सांगायला धीर येतो आणि विचारणाऱ्यालाही उत्तर मिळतं. ॲरन्सनने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. कार्लोस नावाचा एक मुलगा इंग्रजीत अडखळायचा म्हणून गटातली मुलं त्याची टर उडवायची. थोड्याच दिवसांत त्या मुलांना त्याला नीट प्रश्न विचारायची कला साधली, कारण गरज त्यांचीच होती. काही आठवड्यांत मुलांना एकमेकं जास्त आवडू लागली आणि अल्पसंख्य मुलांचे गुणही वाढले.

क्यूआर कोड आणि ही रीत शेजारी ठेवून पाहिली तर दोन्हींचं गणित अगदी उलटं आहे. चौकोनात ते तीन डोळे सोडले तर कुठलाच ठिपका अपरिहार्य नाही, एक गेला तर बाकीचे निभावून नेतात. जिगसॉमध्ये प्रत्येक जण अपरिहार्य, एक गप्प बसला तर सगळ्यांचं चित्र अर्धवट. चांगल्या वर्गाला दोन्ही लागतं. एखादं मूल आजारी पडलं, मागे राहिलं, तर बाकीच्यांनी त्याची जागा भरून काढावी, आणि तरीही प्रत्येकाला रोज वाटावं की आपल्यावाचून यांचं अडतं.

नुसतं एका बाकावर बसल्याने काही फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना २००७पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्या वर्गांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास करून तो २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग रिले शर्यतीचा. जोडीदार निवडायचा: जास्त वेगाने धावणारा गरीब घरातला मुलगा की सावकाश धावणारा आपल्यासारख्याच घरातला? बक्षीस पाचशे रुपये असलं की जवळपास सगळे वेगवान मुलालाच निवडत. पण बक्षीस पन्नासच रुपये असलं की जवळपास एक तृतीयांश मुलं वेगापेक्षा वर्ग बघत. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं शिकत होती त्यांच्यात मात्र हा भेदभाव बराच कमी आढळला. ती मुलं देणगीच्या कामातही जास्त हात लावत. इंग्रजीचे गुण किंचित उतरले आणि वर्गात अपशब्द थोडे वाढले, हेही रावांनी लपवलेलं नाही.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या अशाच पंचवीस टक्के जागांचा वाद २०२४ साली चांगलाच तापला. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम राज्याने केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो वाद बहुतेकांनी फीच्या हिशेबाने वाचला. दिल्लीचा अभ्यास सांगतो, की त्या जागांचा फायदा फक्त त्यांवर येणाऱ्या मुलांना होत नाही. शेजारी बसणाऱ्यालाही होतो.

आता तंत्रज्ञानाकडे येऊ. मोबाइल आणि संगणक मुलांना एकटं पाडतात ही आपली रोजची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण यंत्र मुलांना एकत्रही आणू शकतं, आणि तो पुरावा आपल्या कोकणात आहे. १९९९ साली संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला, आपल्या कार्यालयाच्या आणि झोपडवस्तीच्या मधल्या भिंतीत एक संगणक बसवला आणि तो मुलांसाठी उघडा सोडून दिला. तसेच संगणक पुढे खेड्यांतही बसवले गेले. पनवेलहून निघणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग ज्या जिल्ह्यातून गोव्यात उतरतो, त्या सिंधुदुर्गातल्या शिरगावातही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की असा संगणक वापरणारी खेड्यातली आठवीची मुलं वर्गात न शिकता संगणक विषयाची परीक्षा देऊ शकली. वर्षभर शिकलेल्यांपेक्षा त्यांचे गुण थोडेच कमी होते.

हे कसं जमलं? संगणक एकच होता आणि मुलं घोळक्याने होती. माउस एकाच्या हातात, त्याच्या खांद्यावरून डोकावणारे चार, आणि त्यांच्या मागे “तिथे नको, वरच्यावर दाब!” असं ओरडणारे आणखी. एकाला जे सापडलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आलेलं असायचं. या प्रयोगावर टीकाही झाली. कुठे मुलं नुसती खेळच खेळत बसली, कुठे देखभालीअभावी यंत्रं बंद पडली. मार्गदर्शक मोठं माणूस हवं, हे खरंच. पण एक गोष्ट टीकाकारांनाही पुसता आली नाही: पडदा एक आणि डोकी अनेक असली की बोलणं सुरू होतं, आणि शिकणं त्या बोलण्यात असतं. प्रत्येकाच्या हाती वेगळा टॅब दिला की वर्ग शांत होतो. बघणाऱ्याला ते शिस्तीचं वाटतं. पण मुलांना एकमेकांची गरज उरलेली नसते, म्हणून ती शांतता असते.

उरली गोष्ट हाताने करायच्या कामाची, ज्याला आता सगळे कौशल्य शिक्षण म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. डॉक्टरेट अमेरिकेतली, नोकरी हिंदुस्थान लिव्हरमधली, आणि शाळा मात्र पाबळच्या माळावर, जिथे मुलांनी वेल्डिंग करायचं, मातीची तपासणी करायची, रक्ताची चाचणी करायची आणि केलेल्या कामाचा खर्चही स्वतःच मांडायचा. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येकाने सगळ्यांत हात घालायचा. हा अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या कित्येक शाळांनी घेतला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या फॅब लॅबला, म्हणजे कुणालाही वस्तू बनवून बघता येईल अशा कार्यशाळेच्या कल्पनेला, अमेरिकेबाहेर २००२ साली पहिलं घर मिळालं तेही इथेच.

पाबळची एक वस्तू मुद्दाम बघावी अशी: पाबळ डोम. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण बोल्टांनी जोडत जोडत अर्धगोल घुमट उभा करतात. आत खांब नाही, आढं नाही. वारा कुठूनही आला तरी त्याचा जोर एका पट्टीवर राहत नाही, शेजारच्या त्रिकोणांत वाटला जातो आणि त्यांच्यातून जमिनीत उतरतो. म्हणून इतक्या हलक्या सांगाड्यावर छप्पर टिकतं. तो बांधताना एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने भोक जुळवायचं, तिसऱ्याने नट आवळायचा. एकाने माप चुकवलं तर पुढच्या त्रिकोणात ते उघडं पडतं आणि सगळ्यांना मागे यावं लागतं. भांडण होतं, मग मोजमाप होतं, मग तडजोड. सहकार्य या विषयावर निबंध लिहून जे येत नाही ते त्या नट-बोल्टांत येतं, कारण घुमट गुण देत नाही, तो उभा राहतो किंवा राहत नाही.

चौकोनात माहिती वाटलेली, जिगसॉमध्ये धडा वाटलेला, घुमटात भार वाटलेला. यासाठी शाळेला मोठा निधी लागत नाही. जिगसॉला चार कागद आणि एक तास पुरतो. त्यामुळे पनवेलच्या कुठल्याही शिक्षकाला, मग शाळा महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो की खारघरच्या चकचकीत इमारतीतली, एक विनंती आहे. या सत्रात एक धडा असा कापून बघा. पहिल्या वेळी गोंधळ होईल, आवाज वाढेल, मुख्याध्यापक दारातून डोकावतील. दुसऱ्या वेळी मुलं स्वतःच कोपरे वाटून घेतील.

आणि पालकांनो, मूल शाळेतून आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती मिळाले? उद्यापासून त्याआधी हे दोन विचारून पाहा: आज तू कोणाला काय समजावलंस? आणि तुला कोणी काय समजावलं? दोन्हींना उत्तर मिळत असेल तर शाळा नीट चालली आहे, असं खुशाल समजा.